पँडेमिस हेपाराना की पँडेमिस सेरासाना? पाने गुंडाळणाऱ्या पतंगांच्या ओळखीच्या प्रकल्प नोंदी

१२ मे

सफरचंदाच्या झाडांवरील कोवळ्या पालवीची पहिली तपासणी आज पूर्ण झाली. गुंडाळलेली किंवा एकमेकांना रेशमी धाग्यांनी जोडलेली पाने उघडून एकूण १६ अळ्या गोळा केल्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र परीक्षानळीत ठेवून १ ते १६ असे क्रमांक दिले. प्रकल्पाचा प्रश्न मर्यादित आहे. या झाडांवर पँडेमिस हेपाराना ही प्रजाती आहे का, आणि असल्यास तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पँडेमिस सेरासाना व पँडेमिस कोरिलाना यांच्यापासून ती खात्रीने वेगळी कशी काढायची, एवढेच शोधायचे आहे. तिन्ही प्रजाती टॉर्ट्रिसिडी कुळातील आहेत, तिन्हींच्या अळ्या पाने गुंडाळून आत राहतात, आणि तिन्हींचे पतंग विश्रांतीच्या वेळी पंख घंटेच्या आकारात मिटून बसतात. दुरून पाहिल्यास त्या एकच वाटतात.

सर्वच अळ्या या कुळाला साजेशा वागल्या. पान उघडताच त्या वेगाने मागे सरकल्या आणि त्यांतील काहींनी धाग्याला लोंबकळत खाली उडी घेतली. त्यामुळे पान उघडण्यापूर्वी खाली पांढरे ताट धरणे आवश्यक आहे. भिंगाखाली गुदद्वाराजवळची छोटी, दात असलेली कंगव्यासारखी रचना स्पष्ट दिसते. अळी तिच्या साहाय्याने विष्ठेचे कण दूर फेकते, आणि म्हणूनच तिची गुंडाळी आतून बरीचशी स्वच्छ राहते.

१६ पैकी १४ अळ्यांचे डोके फिकट, हिरवट ते पिवळट तपकिरी आहे आणि डोक्यामागची पूर्ववक्षाची ढालही अंगाइतकीच हिरवी आहे. क्रमांक ५ आणि ११ यांचे डोके मात्र गडद तपकिरी व चकचकीत असून ढालही गडद आहे. या दोघी पँडेमिस नसून आर्किप्स पोडाना (पाने गुंडाळणारी याच कुळातली दुसरी प्रजाती) असाव्यात, असा प्राथमिक अंदाज नोंदवून ठेवतो. फिकट डोक्याच्या चौदा अळ्यांना मात्र आज प्रजातीचे नाव देता येणार नाही. हेपाराना आणि सेरासाना यांच्या अळ्या केवळ बाह्य रंगावरून विश्वासाने वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून वहीत त्यांच्यासमोर फक्त "पँडेमिस?" असे लिहिले आहे.

१९ मे

शेजारच्या हेझलच्या (कठीण कवचाची फळे देणाऱ्या झुडपाच्या) कुंपणावरून आणखी ८ अळ्या मिळाल्या (क्रमांक १७ ते २४). त्या सर्वांचे डोके फिकट आहे. कोरिलाना हे नाव हेझलच्या शास्त्रीय नावावरून, म्हणजे कोरिलसवरून आले आहे, आणि सेरासाना हे चेरीच्या जुन्या नावावरून, सेरासस या शब्दावरून. सहकाऱ्याने साहजिकच असे सुचवले की हेझलवरच्या अळ्या कोरिलाना म्हणून वेगळ्या ठेवाव्यात. मी तसे केले नाही. या तिन्ही प्रजाती अनेक प्रकारच्या रुंदपर्णी झाडांवर वाढतात, हेपारानाची अळी तर सफरचंद, नासपती, विलो, बर्च, ओक अशा कितीतरी झाडांवर सापडते, आणि नाव ठेवणाऱ्याला नमुना कोणत्या झाडावर मिळाला किंवा त्याला कोणते झाड आठवले, एवढीच माहिती अशा नावातून मिळते. यजमान झाडाची नोंद ही माहिती म्हणून महत्त्वाची आहे. ओळखीचा पुरावा म्हणून ती फार कमकुवत आहे.

हेपाराना हे नाव मात्र रंगाचे आहे. ग्रीक भाषेत हेपार म्हणजे यकृत, आणि पतंगाचा लालसर तपकिरी रंग पाहून डेनिस आणि शिफरम्युलर यांनी १७७५ मध्ये हे नाव दिले. शेवटचे "आना" हे या गटातील नावांमध्ये वारंवार येते, कारण लिनियसने १७५८ मध्ये टॉर्ट्रिक्स गटातील पतंगांच्या नावांना हाच प्रत्यय लावण्याची पद्धत घातली.

२७ मे

क्रमांक २, ८ आणि १४ यांनी खाणे थांबवले. त्यांच्या अंगाला बाहेरून चिकटलेल्या लहान, पांढरट परजीवी अळ्या दिसत आहेत. या परजीवी युलोफिडी कुळातील गांधीलमाशीच्या असाव्यात, परंतु त्यांची ओळख हा या प्रकल्पाचा विषय नसल्याने त्यांना स्वतंत्र नळीत वाढू देऊन, प्रौढ माश्या अल्कोहोलमध्ये जपून ठेवण्यापलीकडे काही करणार नाही. क्रमांक ४ आणि १३ मेल्या. नळीत ओलावा जास्त झाला होता आणि पानांवर बुरशी आली होती. आजपासून नळीच्या तळाशी टिपकागदाची घडी ठेवत आहे आणि पान दररोज बदलत आहे.

आजवर ज्या अळ्यांनी कोष केला, त्या सर्वांनी तो गुंडाळलेल्या पानातच केला. कोष तपकिरी असून त्याच्या पाठीवर प्रत्येक खंडावर बारीक काट्यांच्या ओळी आहेत. पतंग बाहेर येण्याच्या वेळी कोष याच काट्यांच्या आधाराने गुंडाळीतून पुढे सरकतो आणि अर्धा बाहेर डोकावतो. रिकामे कवच फेकून द्यायचे नाही, त्याच क्रमांकाच्या कुपीत ठेवायचे आहे.

३ जून

क्रमांक २० हरवली. नळीवरची जाळी नीट बांधली गेली नव्हती, आणि अळी कोष करण्यापूर्वी बाहेर पडली असावी. खोलीत एक अळी नंतर सापडली, परंतु ती हीच आहे असे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग नसल्याने तिला क्रमांक दिलेला नाही. वाढवलेल्या नमुन्याचे सगळे मोल अळी, कोष आणि पतंग हे एकाच जिवाचे आहेत या खात्रीत असते. ती एकदा तुटली की नमुना उरतो, पण त्याचा उपयोग निम्मा होतो.

१५ जून

पहिले पतंग बाहेर आले. क्रमांक ५ हा नर आहे आणि मे महिन्यातील अंदाज खरा ठरला. त्याच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला, मुळापासून सुरू होणारी, खवल्यांनी झाकलेली दुमड आहे. या दुमडीला कोस्टल फोल्ड म्हणतात. आर्किप्स पोडानाच्या नरात ती असते आणि पँडेमिसच्या नरात नसते. क्रमांक ११ ही मादी असल्याने तिला ती दुमड नाही, परंतु तिच्या मागच्या पंखाचे टोक नारिंगी आहे आणि पुढच्या पंखाचे टोक पुढे ओढल्यासारखे आहे. दोन्ही नमुने आर्किप्स पोडाना म्हणून बाजूला काढले.

उरलेल्यांतील पहिले तीन पतंग (क्रमांक १, ३ आणि ७) पँडेमिस आहेत, आणि ते ठरवायला मुख्य आधार पंखांच्या रंगाचा नव्हता. क्रमांक १ आणि ७ नर आहेत, आणि त्यांच्या शृंगिकेच्या (डोक्यावरच्या स्पर्शेच्या) मुळाशी, चाबकासारख्या भागाच्या दुसऱ्या खंडावर एक स्पष्ट खाच आहे. शृंगिका कुरतडल्यासारखी दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती इजा वाटते, म्हणून दोन्ही शृंगिका तपासाव्यात. दोन्हींवर एकाच जागी असेल तर ती खाचच आहे. ही खाच पँडेमिस जीनसच्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या या गटाच्या, नरांची खूण आहे. ती एका प्रजातीला दुसरीपासून वेगळे करत नाही, परंतु पुढची सर्व तुलना कोणत्या चार-पाच प्रजातींमध्ये करायची हे ती एका नजरेत ठरवून देते. क्रमांक ३ ही मादी असून तिला खाच नाही. तिचे नक्षीकाम आणि कोष या दोन नरांशी जुळतात, म्हणून ती सध्या त्यांच्यासोबत ठेवली आहे.

२१ जून

आज ११ पँडेमिस पतंग एका ओळीत टाचून पाहिले. पुढच्या पंखाच्या नक्षीची मांडणी सर्वांत एकच आहे: मुळाशी एक गडद डाग, मध्यावरून तिरका जाणारा पट्टा, आणि टोकाजवळ वरच्या कडेवर एक ठिपका. फरक आहे तो मूळ रंगात आणि पट्ट्याच्या कडांमध्ये. हेपारानाचा पंख लालसर तपकिरी असून पट्टा त्याहून गडद, मातकट लाल असतो, आणि पट्ट्याची आतली, म्हणजे मुळाकडची कड मध्यावर ठळक मोडलेली दिसते. सेरासानाचा पंख फिकट, पिवळट असतो आणि पट्टा गडद रेषेने आखल्यासारखा उठून दिसतो. या निकषांवर सहा नमुने हेपाराना आणि पाच सेरासाना असे वर्गीकरण केले. त्या पाचांत क्रमांक १९ ही मादी आहे, जिचा पंख फिकट गवती रंगाचा आहे आणि पट्टाही फिका आहे.

वर्गीकरण करताना माझे मन पूर्ण स्वस्थ नव्हते, हे येथे लिहून ठेवणे योग्य वाटते. हेपारानाच्या पंखांचा रंग बराच बदलतो. काही नमुने विटकरी तर काही जवळजवळ गव्हाळ असतात. मादीतील नक्षी अनेकदा नरापेक्षा पुसट असते. शिवाय खवले झडले की कोणताही लालसर पंख फिकट होतो, आणि बाहेरून पकडलेल्या पतंगात ही झीज जवळजवळ गृहीतच धरावी लागते. पट्ट्याच्या कडेची मोड हा रंगापेक्षा चांगला निकष आहे, कारण झीज झाली तरी रेषेची दिशा बदलत नाही. क्रमांक १९ मध्ये ती मोड आहे. मी तिच्याकडे पाहिले होते आणि रंगाला अधिक वजन दिले. तिच्यासमोर प्रश्नचिन्ह ठेवले आहे.

पँडेमिस सिनामोमियाना या चौथ्या प्रजातीचाही विचार केला. तिच्या नराचे डोके पांढरे असते, आणि आमच्या एकाही नराचे तसे नाही. पाचवी, पँडेमिस ड्युमेटाना, पंखावरच्या दाट जाळीमुळे ओळखू येते. तीही येथे नाही.

२८ जून

फेरोमोनचे, म्हणजे मादीच्या गंधाने नरांना खेचणारे, सापळे लावून दोन आठवडे झाले. हेपारानाच्या मादीच्या गंधात झेड-११-टेट्राडिसेनिल ॲसिटेट हा मुख्य घटक असतो (झेड किंवा ई आणि आकडा रेणूतील दुहेरी बंधाचा प्रकार व जागा सांगतात), आणि सोबत इतर घटक अल्प प्रमाणात असतात. अडचण अशी की हाच रेणू, किंवा त्याचे जवळचे भाऊबंद, पाने गुंडाळणाऱ्या अनेक प्रजाती वापरतात. ॲडोक्सोफिस ओराना झेड-९ आणि झेड-११ हे दोन ॲसिटेट साधारण नऊस एक या प्रमाणात वापरते. आर्किप्स पोडानाच्या गंधात झेड-११ आणि ई-११ जवळपास समप्रमाणात असतात. प्रजातींमधला गंधाचा फरक बहुतेक वेळा घटकांपेक्षा त्यांच्या प्रमाणात असतो, आणि म्हणून सापळ्यात आलेला पतंग हेच त्याच्या ओळखीचे प्रमाणपत्र मानता येत नाही.

सापळ्यातील नमुन्यांची अवस्था वाईट होती. डिंकात अडकून फडफडल्याने पंखांवरचे खवले निघून गेले होते. तरीही सॉल्व्हंटने डिंक काढल्यावर शृंगिकेवरची खाच जशीच्या तशी दिसली, आणि नऊपैकी सात नर त्यावरून पँडेमिस ठरले. उरलेल्या दोघांना कोस्टल फोल्ड होती. पंखांवरची रंगीत नक्षी संपूर्ण नष्ट झाल्यावरही शरीराची रचना किती बोलते, हे या सात पतंगांनी मला पहिल्यांदा नीट दाखवले, आणि पुढच्या कामाचा क्रम त्यामुळे बदलला. आता प्रथम रचना पाहायची, मग नक्षी, आणि रंग सर्वांत शेवटी.

९ जुलै

जननेंद्रियांच्या तपासणीला सुरुवात केली. ही पद्धत वेळखाऊ आहे, पण या गटात तिला पर्याय नाही असे मला वाटते. पतंगाचे उदर अलगद वेगळे करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवायचे, ते गरम पाण्याच्या भांड्यात मंद तापवायचे, स्नायू व चरबी विरघळल्यावर पाण्यात बारीक कुंचल्याने खवले झाडायचे, जननेंद्रिये उदराच्या कवचापासून वेगळी करायची, रंगद्रव्यात बुडवून अल्कोहोलच्या वाढत्या तीव्रतेतून न्यायची आणि शेवटी काचपट्टीवर युपॅराल या पारदर्शक डिंकासारख्या माध्यमात बसवायची. प्रत्येक काचपट्टीवर आणि पतंगाच्या टाचणीवर एकच क्रमांक लिहिणे हे यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

नरामध्ये अनकस (टोकाकडचा आकडा), दोन्ही बाजूंच्या व्हाल्वा (पकडणाऱ्या पट्ट्या) आणि फॅलस (संभोगाचे इंद्रिय) यांचे आकार खात्रीच्या संदर्भ काचपट्ट्यांशी ताडून पाहिले. व्हाल्वा रुंद आणि मऊ असल्याने दाबाने सहज वाकतात, आणि वाकलेल्या व्हाल्वाचा आकार पाहून चुकीचे मत बनू शकते; म्हणून दोन्ही बाजूंची तुलना करावी आणि दोन्हींवर जे सारखे दिसते तेवढेच मानावे. या गटातील नरांच्या फॅलसमधले काटे संभोगाच्या वेळी गळून मादीच्या पिशवीत राहतात, त्यामुळे काट्यांची संख्या हा निकष वापरण्यापूर्वी नर पाळलेला आहे की बाहेरून पकडलेला, हे पाहावे लागते. आमचे नर नळीत एकटे वाढलेले असल्याने ही शंका उरली नाही. तपासलेल्या सर्व नरांची ओळख २१ जूनच्या वर्गीकरणाशी जुळली.

माद्यांमध्ये मात्र एक फेरबदल करावा लागला. क्रमांक १९ च्या मादीची जननेंद्रिये सेरासानाच्या संदर्भ काचपट्टीशी जुळत नाहीत, हेपारानाशी जुळतात. वहीतील जुनी नोंद खोडली नाही; तिच्याखाली नवीन ओळख, तारीख आणि आधार लिहिला. जुनी ओळख दिसत राहिली तरच पुढच्या वाचकाला कळेल की फिकट पंखाची हेपाराना किती सहज सेरासाना वाटू शकते.

१४ जुलै

क्रमांक १७ चा पतंग आज बाहेर आला, इतरांपेक्षा बराच उशिरा. पंखावर नाजूक जाळीदार रेषा आहेत, पट्ट्याच्या कडांना बारीक फिकट रेघ आहे, आणि मागच्या करड्या पंखाच्या टोकाकडे पिवळसर झाक आहे. हेपारानाचा मागचा पंख सर्वत्र गडद करडा असतो, त्यामुळे येथे मागचा पंख पसरवून पाहणे निर्णायक ठरले. ही पँडेमिस कोरिलाना आहे, नर, आणि ती खरोखर हेझलवरूनच आली. उशिरा येण्यालाही कारण आहे: कोरिलाना हिवाळा अंड्याच्या अवस्थेत काढते, तर हेपारानाची लहान अळी हिवाळ्यापूर्वीच अंड्यातून बाहेर पडलेली असते आणि वसंतात तिथूनच वाढ पुढे चालू ठेवते. नळीवर लिहिलेली तारीख अशा वेळी ओळखीला आधार देते, जरी तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही.

मे महिन्यात हेझलवरील आठही अळ्यांना कोरिलाना म्हटले असते, तर त्यांतील किती चुकल्या असत्या हे आता दिसते आहे.

२२ जुलै

क्रमांक २२ चे काम बिघडले. कोषातून बाहेर आल्यावर या मादीचे पंख उघडलेच नाहीत, त्यामुळे नक्षी वाचता येत नव्हती आणि सर्व भिस्त जननेंद्रियांवर होती. मी तिचे उदर द्रावणात ठेवले आणि दुसऱ्या काचपट्टीचे काम करताना वेळेकडे लक्ष राहिले नाही. ते इतके मऊ झाले की वेगळे करताना बर्सा, म्हणजे मादीची आतली पिशवी, फाटली आणि आतला सिग्नम, म्हणजे शिंगासारखा कडक काटा, मूळ जागेवरून सुटला. यापुढे एका वेळी एकच नमुना द्रावणात ठेवायचा, दुसरा नाही.

तिचा एक मागचा पाय आधीच अल्कोहोलमध्ये ठेवलेला होता. तो, आणि क्रमांक १, ६, १७, १९ व २३ यांचे पाय, जनुकीय तपासणीसाठी पाठवले. सीओआय या, प्रजाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा ६५८ अक्षरी तुकडा वाचून तो खात्रीने ओळखलेल्या नमुन्यांच्या अनुक्रमांशी ताडला जाईल. सोबतच्या पत्रात आमची ओळख लिहिली नाही, जेणेकरून निकाल आमच्या मताने रंगणार नाही.

एक छोटी नोंद: नर न भेटताच क्रमांक ९ च्या मादीने नळीच्या काचेवर अंडी घातली. चपटी, हिरवट, माशाच्या खवल्यांसारखी एकमेकांवर अर्धी चढलेली अंडी. ती फलित नाहीत आणि फुटणार नाहीत, पण थराची रचना अतिशय सुंदर दिसते. छायाचित्र काढून ठेवले.

१८ ऑगस्ट

जनुकीय तपासणीचे निकाल आले. क्रमांक १ आणि ६ हेपाराना, २३ सेरासाना, १७ कोरिलाना. चारही ओळखी आमच्याशी जुळतात. क्रमांक १९ हेपाराना ठरली, म्हणजे जननेंद्रियांवरून केलेली दुरुस्ती बरोबर होती आणि २१ जूनचा रंगावरचा निर्णय चुकीचा होता. क्रमांक २२ च्या पायातून वाचण्याजोगा अनुक्रम मिळाला नाही.

हा अनुक्रम जुळला म्हणून सूक्ष्मदर्शकाचे काम अनावश्यक होते असे मी मानत नाही. पाठवलेला अनुक्रम ज्या नमुन्यांशी ताडला जातो, त्यांची ओळख मुळात कोणीतरी काचपट्टीवरच केलेली असते, आणि ती चुकीची असेल तर चूक पुढे चालत राहते. शिवाय पाय वेगळा करताना क्रमांकाची अदलाबदल झाली तर उत्तर अगदी स्वच्छ आणि पूर्णपणे चुकीचे येऊ शकते. दोन स्वतंत्र मार्ग एका जागी येतात तेव्हाच मी ती ओळख निश्चित म्हणतो.

२ सप्टेंबर

अंतिम लेबले लिहून झाली. २४ अळ्यांपैकी १८ पतंग मिळाले: पँडेमिस हेपाराना ९ (सफरचंद ७, हेझल २), पँडेमिस सेरासाना ५ (सफरचंद २, हेझल ३), पँडेमिस कोरिलाना १ (हेझल), आर्किप्स पोडाना २ (सफरचंद), आणि १ अनिश्चित. सफरचंदावरील ३ अळ्या परजीवींमुळे आणि २ बुरशीमुळे गेल्या. हेझलवरची १ हरवली. प्रत्येक लेबलावर यजमान झाड, अळी गोळा केल्याची आणि पतंग बाहेर आल्याची तारीख, आणि ओळख कशावरून केली, हे तिन्ही लिहिले आहे: "नक्षी", "जननेंद्रिये" किंवा "जननेंद्रिये व सीओआय". सापळ्यातील सात नरांच्या लेबलावर "पँडेमिस, शृंगिकेवरील खाचेवरून" एवढेच आहे. त्यांच्या काचपट्ट्या अद्याप करायच्या आहेत.

क्रमांक २२ च्या लेबलावर "पँडेमिस, प्रजाती अनिश्चित, मादी" असे लिहिले. सहकाऱ्याचे मत असे होते की हेझलवरील उरलेल्या नमुन्यांत सेरासाना अधिक असल्याने हिलाही तेच नाव द्यावे, म्हणजे संग्रहात अपुरे लेबल राहणार नाही. मी नकार दिला. फाटलेली बर्सा, सुटलेला सिग्नम आणि न उघडलेले पंख हे तिन्ही त्याच टाचणीखाली, त्याच क्रमांकाने जपले आहेत, आणि अळीच्या फिकट डोक्याचे १९ मे रोजीचे छायाचित्रही सोबत जोडले आहे.